दीर डायरेक्टर, नुकसान कंपनीचं, मग केस कोणी करायची?

मागच्या अंकात वारसाच्या नावावर शेअर कसे करून घ्यायचे ते लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आणि मेसेज बरेच आले. त्यातलं एक पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही हातात घेतलंच नाही, म्हणून या वेळी जागा जास्त त्यालाच देतेय. नावगाव गाळलंय आणि पत्र थोडं कमी केलंय.

प्रश्न : मॅडम नमस्कार, माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले. सासऱ्यांनी काढलेली टॉवेलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मिस्टरांचे शेअर माझ्या नावावर झालेत, बारा टक्के. मोठे भाऊजी आणि धाकटे भाऊजी दोघंच डायरेक्टर, त्यांचे मिळून अठ्ठ्याहत्तर टक्के आणि उरलेले दहा नणंदेचे. मागच्या दिवाळीपासून आमचे निम्मे माग बंद आहेत, विचारलं तर म्हणतात ऑर्डर नाही मंदी आहे. पण मी एकदा न सांगता गोडाऊनला गेले तर माल भरपूर पडलेला, बॉक्सवर कुठल्यातरी नवीन फर्मचं स्टिकर. एका बॉक्सचं स्टिकर कोपऱ्यातून उचकटलं होतं, मी ते जरा ओढून बघितलं तर खाली आमच्याच कंपनीचं छापील नाव. नंतर कळलं फर्म जाऊबाईंच्या नावावर आहे आणि दुबईचं जुनं गिऱ्हाईक तिकडं वळवलंय. मुलगा म्हणतो केस कर. इथल्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले नुकसान तुमचं नाही कंपनीचं आहे, कंपनीनं केस करायला पाहिजे. अहो कंपनी म्हणजे तेच दोघं की ओ! ते स्वतःवर केस करणारेत का?

उत्तर : ताई, तुमच्या वकिलांनी सांगितलं ते चूक नाही, अर्धवट आहे. आणि तुम्ही शेवटी जे विचारलंय ना, "ते स्वतःवर केस करणारेत का", बरोबर हाच प्रश्न कोर्टांपुढे पावणेदोनशे वर्षांपासून येतोय.

आधी वकिलांचं म्हणणं समजून घ्या. कायद्यात कंपनी म्हणजे एक वेगळी व्यक्ती, तुम्ही नाही, भाऊजी नाहीत, सासरे होते तेव्हा तेही नव्हते. दुबईची ऑर्डर कंपनीची होती, ती गेली तर खिसा कंपनीचा कापला, तुमच्या शेअरची किंमत कमी झाली ती त्याची सावली. म्हणून ज्याचा खिसा कापला त्यानंच फिर्याद करायची. 1843 साली इंग्लंडात हे पक्कं झालं. मँचेस्टरला बाग आणि बंगले उठवण्यासाठी एक कंपनी निघाली होती, तिच्या दोन शेअरहोल्डरांचं म्हणणं की डायरेक्टरांनी स्वतःच्याच जमिनी कंपनीच्या गळ्यात चढ्या भावानं मारल्या. कोर्ट म्हणालं असेलही, पण दावा कंपनीनं आणावा, तुम्ही दोघांनी नाही. फॉस विरुद्ध हार्बॉटल म्हणतात त्या केसला, आजही तुमच्या भाऊजींचा वकील पहिल्या तारखेला हेच नाव घेईल म्हणून सांगून ठेवते.

आता उरलेलं अर्ध. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असल्या तर जामदारखाना तक्रार कशी करणार? हे कोर्टांनाही दिसत होतंच, म्हणून अपवाद निघाला. ज्यांनी कंपनीला फसवलं तेच जर बहुमतात बसलेत, तर अल्पमतातला शेअरहोल्डर कंपनीच्या वतीनं दावा लावू शकतो. याला डेरिव्हेटिव्ह सूट म्हणतात, हक्क कंपनीचा आणि लढणारा तुम्ही. यात कंपनीला सुद्धा प्रतिवादी करावं लागतं, ऐकायला विचित्र वाटेल पण ते एवढ्यासाठी की निकाल तिच्यावर बंधनकारक व्हावा आणि पैसे तिच्याच खात्यात यावेत.

तुमच्यासारखीच एक केस कॅनडातली आहे, 1916 चा निकाल. टोरंटोच्या बांधकाम कंपनीत चार जण डायरेक्टर आणि तेच मालक. रेल्वेचं पुढचं काम मिळायची वेळ आली तेव्हा तिघांनी ते गुपचूप स्वतःच्या नावावर घेतलं आणि मग सभा बोलावून आपल्याच तीन-चतुर्थांश मतांनी ठराव केला की या कामात कंपनीला काही रस नाही. चौथा लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला (तेव्हा आपल्याकडची शेवटची अपिलंही तिथंच जायची) आणि जिंकला. कोर्टानं सांगितलं, ते कंत्राट न्यायानं कंपनीचंच आणि बहुमतानं ठराव करून कंपनीची वस्तू स्वतःला बक्षीस देता येत नाही. ताई हे नीट लक्षात ठेवा, कारण भाऊजी उद्या म्हणतील आमचे अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत, आम्ही ठराव करून घेऊ. करू देत, असल्या ठरावानं चोरी धुतली जात नाही.

आणि बायकोच्या नावावर आहे, आमचा काय संबंध, असं म्हणाले तर त्याचंही उत्तर आहे. इंग्लंडातच एका नवराबायकोनं, दोघंही डायरेक्टर आणि बहुमतही त्यांचंच, 1970 मध्ये कंपनीची जमीन बायकोला 4,250 पौंडांना विकली आणि तिनं ती 1974 मध्ये 1,20,000 पौंडांना विकली. अल्पमतातल्यांना फसवणूक सिद्ध करणारा कागद मिळाला नव्हता तरी कोर्टानं केस चालू दिली, कारण आपल्या पदाचा वापर करून कंपनीच्या जिवावर स्वतःचा फायदा केला एवढं पुरेसं होतं. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यात तर हे सरळ लिहूनच ठेवलंय. कलम 166 बघा, डायरेक्टरनं स्वतःला किंवा नातेवाइकांना गैरफायदा करून द्यायचा नाही, आणि दोषी ठरला तर जेवढा फायदा केला तेवढी रक्कम कंपनीला भरायची. नातेवाईक हा शब्द त्यात आहे. जाऊबाई त्यात येतात.

आता आपल्याकडची अडचण सांगते. इंग्लंडात 2006 च्या कायद्यात अशा दाव्याची रीतसर कलमं आली, आपल्या कंपनी कायद्यात डेरिव्हेटिव्ह सूट म्हणून वेगळं कलम नाही, कोर्टांनी निकालांमधून तो हक्क मानलाय. 2016 मध्ये दिल्ली हायकोर्टात एका कोचिंग क्लासच्या कंपनीची केस झाली, दोन बाजू निम्म्या निम्म्या, एकीनं वेगळा क्लास काढला, आणि बोर्डात ठराव होणंच शक्य नव्हतं म्हणून दुसऱ्या बाजूनं कंपनीच्या वतीनं लावलेला दावा चालू शकतो असं कोर्ट म्हणालं. पण सिव्हिल कोर्टात गेलं की समोरचा कलम 430 काढतो, म्हणजे जे एनसीएलटीच्या (कंपन्यांच्या वादांसाठीचं खास ट्रिब्युनल) अखत्यारीत आहे त्यात सिव्हिल कोर्टानं हात घालायचा नाही. या एका मुद्द्यावरच वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून तुमच्या ठिकाणी मी असते तर सिव्हिल कोर्टाच्या नादाला न लागता कलम 241 खाली एनसीएलटीच्या मुंबई बेंचकडे गेले असते, वकील लोक त्याला ऑप्रेशन-मिसमॅनेजमेंटची, म्हणजे दडपशाही आणि गैरकारभाराची पिटिशन म्हणतात.

त्याला पात्रता लागते. भागभांडवलाच्या एक-दशांश शेअर, किंवा शंभर सभासद नाहीतर एकूण सभासदांच्या एक-दशांश यातलं जे कमी ते. तुमचे बारा टक्के आहेत म्हणजे पहिलीच पायरी पार, शिवाय कंपनीत सभासद चारच, त्यामुळे डोकी मोजली तरी तुम्ही एकट्या पुरेशा. घरगुती कंपनीतल्या बायकांना हे माहीतच नसतं, पाच टक्केवाली म्हणते माझं काय चालणार, अहो डोक्यांच्या हिशेबात चालतं ना. एक मात्र सीएकडून तपासून घ्या, कंपनीनं प्रेफरन्स शेअर (ज्यांना डिव्हिडंड आधी मिळतो ते वेगळे शेअर) काढलेत का. टाटा सन्स कंपनीतल्या टाटा-मिस्त्री केसमध्ये मिस्त्रींच्या बाजूकडे साधे शेअर अठरा टक्क्यांच्या वर होते, पण प्रेफरन्स शेअर धरून मोजलं तर हिस्सा अडीच टक्क्यांच्याही आत आला आणि अट माफ करून घ्यायलाच वेगळी लढाई झाली.

पण ताई, पिटिशनच्या आधी तुम्हाला एक गोष्ट स्वतःशी ठरवायला लागेल आणि ती कुठलाच वकील पहिल्या भेटीत विचारत नाही. तुम्हाला कंपनी वाचवायचीय की स्वतःचे पैसे घेऊन बाहेर पडायचंय? कंपनीच्या वतीनं लढून जिंकलात तर पैसे कंपनीत येणार, तुमच्या हातात एक रुपयासुद्धा नाही. समजा जाऊबाईंच्या फर्मकडून ऐंशी लाख वसूल झाले तर ते कंपनीच्या खात्यात जमा होणार आणि त्या खात्यावर सह्या करणारे पुन्हा तेच दोघं. मी लोकांना हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो, पण आधी कळलेलं बरं. तुम्हाला कंपनी टिकवायची असेल, मुलाला पुढे त्यात बसवायचं असेल, तर वसुलीबरोबर बोर्डात तुमच्या बाजूचा माणूस किंवा बाहेरचा डायरेक्टर बसवायची मागणी करा. आणि नात्याचा वीट आला असेल, तर कलम 242 खाली ट्रिब्युनल त्यांना तुमचे शेअर विकत घ्यायला लावू शकतं. मग मागणी अशी करा की शेअरची किंमत ऑर्डर वळवायच्या आधीच्या तारखेची धरा, नाहीतर आधी कंपनी पोकळ करायची आणि मग पोकळ कंपनीच्या भावानं तुमचे शेअर घ्यायचे, हा डाव मी पाहिलाय. दोन्ही मागण्या एकाच पिटिशनमध्ये पर्याय म्हणून टाकता येतात. डायरेक्टरांनी केलेला गैरफायदा वसूल करायचा अधिकारही त्याच 242 मध्ये आहे. आणि निकाल लागेपर्यंत माग विकू नका, हिशेबाची पुस्तकं जशीच्या तशी ठेवा असा अंतरिम हुकूम पहिल्याच तारखेला मागायचा.

कागदांचं काय? कारण स्टिकर ओढून बघितलं ही गोष्ट खरी असली तरी ट्रिब्युनलपुढे तेवढ्यावर भागत नाही. सभासद म्हणून कंपनीच्या ऑफिसात जाऊन सर्वसाधारण सभांची मिनिट्स बघायचा, प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, सभासदांचं रजिस्टर बघता येतं, आणि डायरेक्टरांचा ज्यात संबंध आहे अशा करारांचं रजिस्टरही उघडं असतं. बोर्डाची मिनिट्स मात्र मागता येत नाहीत, तिथं वाद घालत बसू नका. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या पोर्टलवर शंभर रुपये भरले की कंपनीनं भरलेले सगळे पब्लिक कागद बघायला मिळतात, मुलाला सांगा मागच्या चार वर्षांच्या बॅलन्सशीट उतरवून घे आणि मागच्या नोट्समध्ये रिलेटेड पार्टी (डायरेक्टरांच्या नात्यातले, संबंधातले लोक आणि फर्म) असं जिथं लिहिलंय ते पान आधी वाच. तिथं जाऊबाईंची फर्म दिसली तर कुठल्या भावानं माल दिला ते कळेल, आणि दिसली नाही तर लपवलं हा वेगळा मुद्दा झाला, तो जास्त जड. सगळं लेखी मागा, रजिस्टर पोस्टानं, पोच जपून ठेवा. गोडाऊनमधून फायली उचलून आणू नका, फोटो काढा.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक काका आले होते, सायझिंगचा धंदा होता भावांचा, असंच प्रकरण. सोबत कापडी पिशवी. त्यात सभेच्या नोटिसा होत्याच पण त्यांनी पाकिटंसुद्धा टाकली नव्हती, प्रत्येक पाकिटात त्याची त्याची नोटीस परत घालून सुतळीनं बांधलेलं. पोस्टाचे शिक्के जुळवले तर नोटिशीवर तारीख महिनाभर आधीची आणि पाकीट पोस्टात पडलंय सभेच्या चार दिवस आधी, एकवीस दिवसांची नोटीस लागते तिथं. समोरच्या वकिलांनी ती पाकिटं बघितली आणि पुढच्या तारखेला तडजोडीची भाषा सुरू झाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पाकीट फेकू नका.

तुमच्या बाजूनं काही चुकलंय का तेही बघा. कंपनीच्या वतीनं लढणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का हे तपासलं जातं. गेल्या तीन वर्षांत भाऊजींनी घरी आणून दिलेल्या कागदांवर सह्या केल्यात का, त्यात या व्यवहाराला संमती तर नाही ना? दुखवट्याच्या दिवसांत अशा सह्या घेतल्या जातात, बाई रडत असते आणि दीर म्हणतो वहिनी इथं सही करा बँकेचं आहे. केल्या असतील तर लपवू नका, वकिलांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि मुदत लक्षात ठेवा, एनसीएलटीला लिमिटेशन कायदा लागू आहे, साधारण तीन वर्षं धरून चला. दिवाळीपासून सुरू झालंय म्हणता तर आत्ता वेळ आहे, पण पुढच्या लग्नसराईनंतर बघू असं करत बसू नका.

खर्चाचं खोटं सांगत नाही, मुंबईचा वकील महाग पडतो आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसून सकाळी कफ परेड गाठायचं हे तुम्हाला बऱ्याचदा करायला लागेल. म्हणून आधी नणंदेशी बोला. तिचे दहा आणि तुमचे बारा म्हणजे बावीस टक्के, खर्च वाटला जाईल आणि दोघी एकत्र आल्यात म्हणल्यावर भाऊजीही वेगळं बोलतील. तिलाही माहेरच्या कंपनीचं असं झालेलं कुठं आवडणारेय. पुण्याच्या रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे लेखी तक्रारही टाका, सोलापूरच्या कंपन्या त्यांच्याकडे येतात, ते कंपनीकडून खुलासा मागवू शकतात आणि तो खुलासा पुढं तुमच्या कामाला येतो. आणि एक, कंपनीच्या पैशातून भाऊजी स्वतःचा वकील लावत असतील तर त्यावरही हरकत घ्या, आरोप त्यांच्यावर आहे, कंपनीवर नाही.

प्रश्न : आमची सांगोला भागात डाळिंबाची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. अध्यक्षांनी पॅकहाऊस स्वतःच्या पुतण्याला नाममात्र भाड्यानं दिलं. सहकार खात्यात तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. आम्ही सभासद कंपनीच्या वतीनं केस करू शकतो का?

उत्तर : दादा, ते बरोबर बोलले. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना म्हणा सूतगिरणी म्हणा, सगळ्यांना सहकाराची सवय, त्यामुळे उत्पादक कंपनी पण सोसायटीच आहे असं वाटतं. सोसायटी असती तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 83 ची चौकशी, मग 88 खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करणं, हा रस्ता होता. तुमची कंपनी मात्र कंपनी कायद्यातल्या उत्पादक कंपन्यांच्या वेगळ्या प्रकरणाखाली येते आणि तिथं दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. एक, शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, म्हणजे अध्यक्षांकडे बहुमत आपोआप नसतं. एक-तृतीयांश सभासदांनी सह्या करून मागितलं की संचालक मंडळाला विशेष सभा बोलवायला लागते. सह्या गोळा करा, सभेतच भाडेकरार रद्द करायचा आणि कंपनीनं वसुली करायची असा ठराव घ्या, मग कंपनीच्या वतीनं सभासदानं लढायची गरजच राहत नाही, कंपनी स्वतः लढेल. दुसरं, नियम मोडून संचालकानं फायदा केला असेल तर तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीला कायद्यानंच दिलाय.

सभेत जमलं नाही तर कोर्टाच्या आधी समेट किंवा लवाद हा रस्ता आहे, सभासद आणि उत्पादक कंपनी यांच्यातल्या कारभाराच्या वादाला कायदा तिकडंच पाठवतो, करारात तसं कलम नसलं तरी. बरेच वकील हे न बघता थेट दावा टाकतात आणि तो परत येतो. भाडेकराराची प्रत आणि शेजारच्या पॅकहाऊसला काय भाडं चालू आहे त्याची दोन-तीन पत्रं एवढं आधी हातात घ्या, नाममात्र म्हणजे किती ते आकड्यात दिसलं पाहिजे.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहतो, जॉब करतो, एका लिस्टेड कंपनीचे साठ शेअर आहेत. प्रमोटरनं घोटाळा केला अशी बातमी आली आणि शेअर निम्म्यावर आला. मी केस करू शकतो का?

उत्तर : एकट्यानं नाही. 2009 च्या जानेवारीत सत्यम या कॉम्प्युटर कंपनीचा हिशेबाचा घोटाळा बाहेर आला तेव्हा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी एकत्र दावा करून कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलरची तडजोड मिळवली आणि आपल्या लोकांना तसा रस्ताच नव्हता, ती चीड मला आजही आठवते. नंतर कलम 245 आलं, त्यात लिस्टेड कंपनीचे शंभर सभासद किंवा दोन टक्के शेअर असलेले लोक सगळ्यांच्या वतीनं एनसीएलटीत जाऊ शकतात, डायरेक्टरच नाही तर ऑडिटरकडूनही भरपाई मागता येते. अर्ज उगीच त्रास द्यायला केलाय असं ठरलं तर एक लाखापर्यंत खर्च भरायला लागतो. बँकेचे शेअर असतील तर हे कलम लागू नाही. आणि शंभर म्हणजे कंपनीच्या रजिस्टरवर नाव असलेले शंभर, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे नाही.

तोपर्यंत शेअरबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या स्कोअर्स या तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा. आणि कंपनीकडून ई-व्होटिंगचा मेल येतो तो डिलीट करता ना? तो उघडा. प्रमोटरच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा ठराव असतो तेव्हा संबंधित लोकांना त्याच्या बाजूनं मत टाकता येत नाही, म्हणजे तिथं तुमच्यासारख्यांच्या मतांवरच ठराव मंजूर होतो किंवा पडतो. लिंक तीनेक दिवस चालू असते, फोनवरून होतं.